दुखवट्याची कॉफी

अदनानदादा,

आईच्या दुखवट्याला तू अवनेरला घेऊन आलास. वाटाघाटीत वीस वर्षं तो इस्रायलच्या बाजूनं बसतो, तू आपल्या, पॅलेस्टाईनच्या. "ताई, या खेपेला तोडगा नक्की निघणार," तो म्हणाला. बाबा गेले तेव्हाही हेच म्हणाला होता, आणि तेव्हाही तू मान डोलावली होतीस.

मी बिनसाखरेची कॉफी दिली. एरवी कप खाली ठेवताना पाहुणा म्हणतो, 'अशीच कायम मिळो.' दुखवट्यात ते म्हणायचं नसतं, दुःखच कायम मागितल्यासारखं होतं. परक्या माणसाची जीभ इथे हमखास घसरते. त्याची घसरली नाही. मला शिसारी आली. इतक्या वर्षांत हा आपल्याबद्दल शिकला काय, तर आपल्या मयताला कसं बसायचं!

आणि तू? आईची अँब्युलन्स इस्रायली सैन्याच्या नाक्यावर दोन तास अडवली होती, ती आत धापा टाकत होती, तेव्हा फोनवर म्हणालास, "सुहैला, बैठकीत आहे गं. तोडगा निघाला की नाकेच उरणार नाहीत."

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवशील. अवनेर डोळे पुसेल, आणि तुम्ही दोघं जेवायला उठाल.

तुझी धाकटी,
सुहैला