मेनाचा गुडघा

१२ नोव्हें., बुध.
आंघोळीला बसले. गाठ तिथंच हाये. डाव्या छातीत, काखेच्या अंगाला. गनपतीत हरभऱ्याएवढी होती, आता सुपारी. दुखत नाय. दुखली असती तर ओरडले तरी असते.
दिनेशला कसं सांगू? पोराजवळ असलं बोलायचं म्हनजे... सूनबाई सटान्याला माहेरी, भावाच्या लग्नाला. ती असती तर तिला तरी. नाय, तिलाबी नाय. हे असते तर यांना... यांनाबी नसतं सांगितलं.
समोरच्या मार्थाबाई आल्या. शनिवारी बायकांची गाडी काढतायत, तीन चर्च दाखवनार. म्हनले, "तुमच्या देवाला माझी बोली कळंल का?" त्या म्हनल्या, "न बोलता पण कळतं त्याला."
मग जाते.

१५, शनि.
सकाळी गंगापूर रोडवरून मिनीबस. मार्थाबाई सोडून साऱ्या आपल्यातल्याच. शरनपूरच्या चर्चात साऱ्यांनी दारात चपला काढल्या. मार्थाबाई म्हनल्या, घाला, इथं चालतं. मन होईना. हातात धरून बसले. मग देवळालीकडचं एक. तिथं आमच्या गल्लीतली मंगल देवळातल्यासारखी घंटा शोधत होती.
शेवटी नाशिकरोड, बाळ येशू. बाहेर दुकानात मेनाचे हात, पाय, डोळे, घरं, बाळं. जे दुखतं ते घ्यायचं नि देवापुढं ठेवायचं.
कुसुमनं घर घेतलं. म्हनले, "पार्किंग हाये का विचार आधी." रेखानं पोट घेतलं. "हे तुझ्यापेक्षा लय बारीक हाये गं, देव ओळखायचा नाय." मंगलनं डोकं घेतलं. "नवऱ्यालाबी एक घे. त्याला मुळातच नाय." दुकानवालाबी हसायला लागला.
मंगल म्हनली, "आता तुम्ही, आजी! दाखवा तुमचं काय बिघडलंय!"
साऱ्या भोवती गोळा. टोपलीत बघितलं तर होती की. बाईची छाती, पिवळ्या मेनाची, अगदी वरच. हात तिच्यावरून गेला नि बाजूच्या गुडघ्यावर पडला.
"गुडघा," म्हनले. "नाचायचंय अजून मला."
खिदळल्या साऱ्या.
आत मेनबत्ती लावली, गुडघा ठेवला. लेकराचं तोंड काय गोड. म्हनले, बाबा, चुकीचा माल ठेवलाय, तू समजून घे. बाहेर जाऊन बदलून आनावा वाटलं, पन मंगल पाठीशी उभी. मार्थाबाईंनी दंडाला धरून उठवलं. "सावकाश हं, गुडघा."
गुडघा माझा ठनठनीत.

१६, रवि.
मंगलनं दिनेशला फोन केला. झालं! पोरगा तेलाची बाटली घेऊन पायाशी बसला. "एवढं दुखतंय आई, देवाला सांगतेस आणि मला नाही?"
अर्धा तास चोळलं. मान खाली. टाळूवरचे केस विरळ झालेत त्याचे, मला माहीतच नव्हतं. तोंडापर्यंत आलं.
म्हनले, "डावा नाय रे, उजवा."
त्यानं उजवा घेतला.
मंगळवारचा नंबर लावलाय त्यानं. हाडाच्या डॉक्टरकडं. नको म्हनले, चिडला. रजा टाकलीय म्हने.

१७, सोम.
आज हात लावला नाय. लावला. तेवढीच हाये. का थोडी...

१८, मंगळ.
गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हनला, "आजी, हा तर विशीतल्या पोरीचा गुडघा आहे." दिनेशचा जीव भांड्यात पडला. चेहराच खुलला लेकाचा.
डॉक्टरनं कागदावर लिहीत विचारलं, "आणखी काही त्रास?"
मी म्हनले, "हाये."
"कुठं?"
पोरगा शेजारच्या खुर्चीत. हात पदरापर्यंत नेला नि तिथंच थांबला. म्हनले, "तुम्ही हाडाचे डॉक्टर. ते हाडात नाय."
दिनेश हसला. "मनावर घेऊ नका डॉक्टर, आईला मस्करीची सवयच आहे. काल-परवा देवालाही सोडलं नाही तिनं."
डॉक्टरबी हसला. मीबी हसले. हसू येतंच मला, काय करू. जन्मभर तेच केलं, आता कोन खरं मानंल.
डॉक्टरनं पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. दिनेश फाईल घेऊन दारात. "चल आई."
मी काय उठले नाय.