रिव्हॉल्वरला लाल टॅग

३ सप्टेंबर

आलं एकदाचं! लायसन्ससाठी किती खेटे घातले, आणि आज ह्यांनी ते रिव्हॉल्वर तान्हं बाळ आणावं तसं छातीशी धरून घरी आणलं. प्लॉटिंगच्या धंद्यातल्या सगळ्यांच्या कमरेला आहे, मग आमच्या दादासाहेबांच्याच का नको!

मी हातात घेतलं आणि सवयीनं तपासलं. चाकणच्या कंपनीत दिवसभर गिअर तपासते, डोळा गप्प बसत नाही. चक्र सैल, हलतंय. नळीच्या तोंडाशी कानस मारल्याच्या खुणा. आणि वर तपासणीचा शिक्का – पास! आमच्याकडे असा पीस आला तर मी लाल टॅग बांधून बाजूला काढते.

"घरात तरी इन्स्पेक्टर होऊ नकोस," हे म्हणाले. मी हसले, ठेवून दिलं.

९ सप्टेंबर

हे नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आले. सहा बार, त्यातले दोन उडालेच नाहीत. नुसतं टक. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "नवीन आहे साहेब, बसेल हळूहळू." चप्पल आहे का ती!

न उडालेली दोन काडतुसं मी उजेडात धरून पाहिली. चाप ओढला की पिन बुडावर आपटते, तिचा ठसा अगदी उथळ, नखानं दाबल्यासारखा. पिन आखूड असणार, नाहीतर स्प्रिंग लेचीपेची. संध्याकाळी हे ती दोन्ही दुकानदाराला देऊन आले आणि काडतुसांची नवी डबी घेऊन आले.

"तू सांग. कारखान्यात परत पाठवू का? चार-चार महिने लागतात म्हणतो."

मी म्हणाले, "राहू द्या. बसेल हळूहळू."

खोटं बोलले! थोरले भाऊजी – मुरारीभाऊजी – आणि हे, विहिरीकडच्या रस्त्यावरून पाडव्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. ह्यांचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, गॅस बंद करायलासुद्धा वेळ मिळत नाही. म्हणून न उडणारं रिव्हॉल्वर मला बरं वाटलं. नापास मालाचा आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला.

१० सप्टेंबर

आज गिअरच्या बॅचवर 'ओके' लिहिताना हात अडखळला.

१८ सप्टेंबर

व्हायचं ते झालंच. भाऊजींनी रस्त्यात सिमेंटचे खांब रोवले. हे तिकडे धावले. मागोमाग शेजारच्या सुमनताई धापा टाकत सांगायला आल्या – ह्यांनी कमरेचं काढून सख्ख्या भावावर धरलं! त्या लांब, रस्त्यावर होत्या. त्यांना फक्त भाऊजींचा आवाज ऐकू आला, "मला दावतोस व्हय? ह्याच हिरीत तुला पवायला म्याच शिकवलं न्हवं?" मग हे गाडीत बसून निघाले म्हणे.

घरी आले. मी विचारलं.

"नुसतं दाखवलं गं. घाबरवायला."

जेवले नाहीत.

२० सप्टेंबर

सहातले दोन उडाले नाहीत म्हणून मी खूश होते. अगं बाई, चार उडाले की!

नव्या मुलींना मीच शिकवते – पार बिघडलेला पीस परवडला, पण कधी चालणारा, कधी न चालणारा नको. त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि मी माझ्या घराचा भरवसा नेमका त्याच्यावरच टाकला. हे घरात नको, असं तोंडावर सांगायला हवं होतं. तेवढी हिंमत नव्हती म्हणून आखूड पिनच्या आड लपले. लाज वाटते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडलं. कोयता, विळी, ह्यांची पान्यांची पेटी, माझं मापं घ्यायचं व्हर्नियर. ह्यांनी काडतुसं काढून डबीत ठेवली आणि रिव्हॉल्वर मधोमध मांडलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि कंपनीतून आणलेला लाल टॅग चापाला बांधला. त्यावर लिहिलं होतं – नापास. खाली माझी सही.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," म्हटलं. "ह्यात खोट आहे, मला कळलं होतं. पण दुरुस्त होऊन आलं तरी मला हे घरात नको."

वाटलं, आता भडकणार! ह्यांनी टॅग उलटून सही वाचली. मग म्हणाले, "दसरा झाला की देऊन टाकतो."

एवढ्यावर ऐकलं? ज्या माणसानं बायकोच्या सांगण्यावरून कधी साधी गाडी बदलली नाही, त्यानं? मीच चक्रावले.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी भाऊजी आले! ह्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोनं घे, लेका." हे पाया पडले ते उठेचनात. भाऊजी पाठीवरून हात फिरवत राहिले. "न्हाई बोललो कुणाला. न्हाई बोलणार." कशाबद्दल, ते मला कळेना. पण माझेही डोळे भरून आले.

आत्ता दुकानदाराला परत द्यायची म्हणून काडतुसांची डबी काढली. ही नवी डबी, रेंजवर कधी गेलीच नाही.

त्यातल्या एकाच्या बुडावर पिनचा ठसा आहे. उथळ, नखानं दाबल्यासारखा.