खळ्यावरच्या दोन वह्या

नाना,

परवा तुमच्या त्या पाहुण्याचं भाषण ऐकून आले. विद्यापीठात होतं, सगळ्यांना खुलं. आता ते मोठे पत्रकार आहेत, आठ-दहा पुस्तकं नावावर आहेत, आणि सभागृह इतकं भरलं होतं की मुलं पायऱ्यांवर बसली होती. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या माणसाच्या तोंडून एकदा तुमचं नाव निघतं का, एवढंच मला बघायचं होतं.

शाळा सांभाळून तुम्ही पिंपळगावचे वार्ताहर होतात. शाळा सुटली की बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि नाशिकच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. दुसऱ्या दिवशी ती 'आमच्या वार्ताहराकडून' एवढ्यावर छापून यायची. प्रत्येक बातमीची कार्बन कॉपी तुम्ही ठेवायचात. खळ्यावरच्या त्या दोन वह्यांची तेवढी नव्हती. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांचं बोलणं तुम्ही वर्षभर त्यांत उतरवलं होतं, रविवारी मला बरोबर नेऊन. मग हे पाहुणे जीपमधून आले. आईने शेंगोळे केले होते, ते त्यांनी दोनदा मागून खाल्ले, आणि म्हणाले, "मास्तर, दोन दिवस वह्या देता का? वाचून परत पाठवतो." तुम्ही त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून दिल्यात. त्या परत आल्या नाहीत. त्यांचं पुस्तक मात्र छापून आलं. मी तेव्हा नववीत. सगळी पानं उलटून विचारलं, यात तुमचं नाव कुठंय? तुम्ही चिडलात. "बायकांचं म्हणणं लोकांपर्यंत गेलं ना? मग नाव कशाला पाहिजे तुला?" मला पाहिजे होतं, हे खरं. तुम्हाला नको होतं, हे अजून पटत नाही. कारण पुढची दोन वर्षं पोस्टमन आला की तुम्ही हातातलं काम टाकून दारात जायचात.

परवा ते सांगत होते, आपण खळ्यावर ढिगाशेजारी मांडी घालून कसे बसायचो, कपड्यांचा वास आठवडाभर कसा जायचा नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, रडायचं असलं की इथं यावं. कांद्यात कोण विचारतं?" माझ्या शेजारच्या मुलीने ते लिहून घेतलं. नाना, मी तिथे गोणीवर बसले होते. साहेब तिथे कोणी नव्हता. "मास्तर, रडायचं आसंल ना, तं इथं यावं. कांद्यात कोन इचारत नाय," असं ती म्हणाली होती, आणि मग माझ्याकडे बघून, "तू कशाला डोळे पुसती गं, तुला तं अजून नवरा बी नाय." बायका हसल्या, तुम्हीही हसलात. हे दुसरं वाक्य तुम्ही वहीत लिहिलं नव्हतं. म्हणून ते त्यांना सांगता आलं नाही.

प्रश्नांच्या वेळी मी हात वर केला. माइक हातात आला तेव्हा ठरवलेलं काहीच बाहेर पडेना. विचारलं, "सर, त्या आजींचं पुढे काय झालं?" ते म्हणाले, "दुर्दैवाने संपर्क राहिला नाही." तुम्ही तिच्या दहाव्याला गेला होतात. ते सांगायचं सोडून मी "थँक्यू सर" म्हणाले आणि खाली बसले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. बाहेर सह्यांची रांग होती, तेच पुस्तक विकत घेऊन तिच्यात मी उभी राहिले. पिंपळगावची म्हटल्यावर त्यांनी पेन थांबवून वर पाहिलं. "पिंपळगाव? वडील काय करायचे तुमचे?" ज्यासाठी गेले होते ते त्यांनीच माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. मी म्हणाले, "शिक्षक होते."

"छान," म्हणाले, आणि सही केली. ते पुस्तक माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. आईला दाखवलेलं नाही.