कमरेवरचा वळ

बाबा, एक गंभीर तक्रार आहे. तुमच्या सुनेनं यंदा कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या. वास सुटला की तुम्ही पाठ करून घेतलेले अमरकोशातले वाळ्याचे समानार्थी शब्द आठवतात, उशीर, नलद, सेव्य, आणि चौथ्यावर अडकून माझी दुपारची झोप जाते. जाऊन अठरा वर्षं झाल्यावरही विद्यार्थ्याला छळणं कुठल्या शास्त्रात बसतं?

आज मात्र झोप गेली ती तुमच्या कमरेवरच्या त्या काळपट वळानं. अजून दिसतं, महाल भागातल्या दवाखान्यात तुम्ही सदरा वर करून उभे आहात आणि तुमचे शाळासोबती डॉक्टर खुर्चीतूनच पाहतायत. "काहून घाबरतं गा मास्तर? धोतराचा वळ आहे हा. ढिलं नेसत जा." "अन् वर्गात सुटलं तर तू येशील काय धराले?" दोघंही हसता. परतताना मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दाखवू या. तुम्ही म्हणालात, प्रत्यक्षाला प्रमाण कशाला? मला पटलं, कारण मीही पाहिलंच होतं. पुढं दीड वर्ष मलम मीच लावलं. रोज पाहिलं, रोज वळच दिसला. मग तो चिघळला, जांघेत गाठ आली. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसत्या नजरेनं आम्हीही फसतो हो. तुकडा आधीच तपासायला हवा होता."

आता तुमच्या सुनेच्या कमरेवर, परकराची नाडी काचते तिथं, तसाच वळ आहे. परवा आमच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिला. "नाडीचा आहे, काही नाही." मी तुकड्याचा विषय काढला, तर म्हणाले, "सर, असे वळ घेऊन बाया रोज येतात. साऱ्यांचेच तुकडे काढू काय?" त्यांचंही खोटं नाही, बहुतेक वळ वळच असतात. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "भिंगातून पाहिलं नं त्यायनं? तुमचे डोळे काय त्याहून मोठे लागून गेले?"

तरी रोज अंघोळीनंतर पाठमोरी उभी राहून विचारते, "बदललं काय जी?" मी "नाही" म्हणतो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. काल मी त्यावर बोट फिरवून पाहिलं. एका कडेला कडक लागलं. तिला अजून सांगितलेलं नाही.