मामी शनिवारी फोनवर का येत नाहीत

तीर्थरूप मामांना जावयाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण जोडण्यापुरता येतो.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आपली कन्या खुशाल आहे. आपल्या नातीचे पुढचे दोन दात पडले. दोन्ही तिने आगपेटीत घालून आपल्याला दाखवण्यासाठी ठेवले आहेत. आपला गुडघा आता कसा आहे? बागेतला पंप दुरुस्त झाला का? रक्तदाबाचं मात्र जरा जास्तच काळजीने विचारतो आहे, कारण पत्राचा पुढचा भाग आपण बसून वाचावा अशी विनंती आहे. शक्यतो हात टेकायला जागा असलेल्या खुर्चीत.

गेले तीन शनिवार आपण फोन केलात आणि तिन्ही वेळा मामी फोनवर आल्या नाहीत. पहिल्या शनिवारी आपली कन्या म्हणाली, आई अंघोळीला गेली आहे. दुसऱ्या शनिवारी मी म्हणालो, बाजारात गेल्या आहेत. तिसऱ्या शनिवारी आम्ही सगळे बाहेर होतो आणि माझा फोन आपल्या नातीच्या हातात होता. ती म्हणाली, "आजी वर गेली." त्यानंतर आपल्याकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही, असं ती सांगते. मग आपल्या कन्येने फोन हिसकावून घेतला आणि आई ठणठणीत आहे एवढंच सांगितलं, पण आपलं समाधान झालेलं दिसत नाही. तेव्हा त्या वाक्याबद्दल सगळ्यात आधी क्षमा मागतो. वर म्हणजे तसं वर नव्हे. दहा हजार फूट वर. आणि लगेच खालीही आल्या, स्वतःच्या दोन पायांवर.

आता पहिल्यापासून सांगतो. माझी नोकरी आपल्याला कधीच पटली नाही. (लग्नाच्या बोलणीत आपण दोनदा विचारलं होतंत, "म्हणजे झोपण्याचा पगार?") पण गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस असणं म्हणजे नुसतं झोपणं नव्हे. उताणं, पालथं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, कडेला बसून आणि उंचावरून पडून अशी प्रत्येक गादी तपासावी लागते आणि मग तिच्यावर शेरा मारावा लागतो. तर आमच्या कारखान्याने विमानातून उड्या मारायला शिकवणाऱ्या एका शाळेला जाड गाद्या पुरवल्या होत्या. त्या मधोमध बसल्या, अशी तक्रार आली. साहेबांनी मला शनिवारी पाहणीला पाठवलं. मामींना घरी कंटाळा आला होता. आमच्याकडे आल्यापासून आठ दिवसांत त्यांनी आमची सगळी कपाटं लावून टाकली होती, प्रत्येक डब्यावर आत काय आहे याची चिठ्ठी चिकटवली होती आणि आता त्यांची नजर माझ्या कागदपत्रांकडे वळली होती. म्हणून मीच म्हणालो, चला, जरा मोकळ्या हवेत फिरून या. मोकळी हवा हा शब्द माझाच. तो मी मागे घेत नाही.

ती शाळा म्हणजे धावपट्टीच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड. एका भिंतीवर खुंट्यांना पट्टे लटकवलेले, कोपऱ्यात वजनकाटा, मध्ये चार फूट उंचीचा लाकडी चौथरा आणि चौथऱ्याखाली आमच्या गाद्या. मी बूट काढले आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या गादीवर डोळे मिटून उताणा पडलो. तेवढ्यात तिथले मुख्य शिक्षक आले. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. त्यांना वाटलं, नवीन विद्यार्थी आहे आणि पहिल्याच दिवशी डुलकी काढतो आहे. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि चौथऱ्यासमोरच्या रांगेत उभं केलं. मला वाटलं, गादीतला दोष प्रत्यक्ष दाखवायची ही त्यांची रीत असेल. म्हणून मी निमूटपणे वर चढलो आणि इतरांसारखी उडी मारली. तक्रार अगदी खरी होती. गादी मधोमध पार बसली होती आणि माझा डावा खांदा तिच्यातून थेट जमिनीपर्यंत पोचला. मी तसा शेरा तिथेच, पडल्या पडल्या लिहिला. कप्तान म्हणाले की इतकं शांतपणे पडणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

मामी तोवर शेडच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. तिथे एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून पॅराशूटची घडी घालत होते. (तिथे त्यांचं नावच घडीवाला आहे. ते उड्याही मारतात, पण मान आहे तो घडीचा.) घडी घालताना कापड सुटू नये म्हणून ते जागोजाग चिमटे लावतात आणि घडी झाली की सगळे चिमटे काढून मोजतात, कारण एखादा आत राहिला तर छत्री उघडायची नाही. आपल्याला ठाऊकच आहे, मामींनी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली, आणि पोट शिवायच्या आधी कात्र्या, चिमटे नि कापसाचे बोळे मोजण्यात त्यांची हयात गेली. घडी सुरू होतानाच त्यांनी शेजारच्या ताटातले चिमटे मोजून ठेवले होते; आता त्यांनी नुसतं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नऊ होते. आठ आहेत."

घडीवाल्याने पुन्हा मोजले. आठच. त्याचा चेहरा उतरला. त्याने तासाभराचं काम उलगडलं, सगळी छत्री जमिनीवर पसरली आणि वीतवीत कापड तपासलं. मामीही पदर खोचून खाली बसल्या. शेडमधलं सगळं काम थांबलं. चिमटा काही सापडेना. शेवटी मी, खांदा चोळत, पाहायला जवळ गेलो आणि मामी म्हणाल्या, "जावईबापू, मागे वळा." चिमटा माझ्या पँटला मागच्या बाजूला लागलेला होता. त्या ताटाशेजारच्या बाकावर मी बूट घालायला टेकलो होतो, तेव्हा लागला असावा. मला वाटलं, आता हे लोक मला विमानाशिवायच वर पाठवतात. पण घडीवाला उठला, मामींसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझी घडी तुम्ही तपासणार असाल तर मी डोळे मिटून उडी मारीन."

मामी म्हणाल्या, "डोळे कशाला मिटायचे? आणि तुमचीच का? माझी का नाही?" आणि तिथल्या तिथे त्यांनी नाव नोंदवलं. मी विरोध केला. हो, मामा, मी विरोध केला. वय काढलं, आपल्याला काय वाटेल ते काढलं, हाडं काढली. मामी शांतपणे म्हणाल्या, जिथे एका चिमट्यासाठी अख्खी छत्री उलगडतात तिथे मला भीती नाही.

घरी आल्यावर आपल्या कन्येने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही आईला अडवेल. ती मला म्हणाली, "आईला नाही म्हणायची माझी छाती नाही. तू आधी मार उडी. काय होतं ते बघू." अकरा वर्षांच्या संसारानंतर आपण घरात नक्की कोण आहोत, हे असं कळतं.

दुसऱ्या शनिवारी दोघांचं शिक्षण झालं. पहिल्या उडीला शिक्षक आपल्या पाठीला पट्ट्यांनी जखडलेला असतो आणि छत्री त्याच्याकडे असते. आपण फक्त पोट पुढे, डोकं मागे आणि पाय मागे, असं केळ्यासारखं वाकायचं. (पोट पुढे काढायला मला शिकवावं लागलं नाही.) वजन विचारलं तेव्हा मी लग्नाच्या वेळचं सांगितलं आणि मामींनी मागून आजचं सांगितलं. मग ढग आले. दिवसभर आम्ही पट्टे बांधून बाकावर बसून राहिलो. मामींनी तेवढ्यात शाळेची प्रथमोपचाराची पेटी उघडून मुदत संपलेली निम्मी औषधं बाहेर काढली आणि कप्तानांना यादी करून दिली. संध्याकाळी कप्तान त्यांच्याशी बोलताना उभे राहून बोलत होते.

आणि तिसरा शनिवार उजाडला तो निरभ्र. विमान म्हणजे आतून एखाद्या मालवाहू टेम्पोसारखं. खुर्च्या नाहीत, सगळे जमिनीवर एकापुढे एक. दार दुकानाच्या शटरसारखं वर सरकतं. मी आणि माझ्या पाठीला कप्तान पुढे, मामी आणि घडीवाला मागे. शटर वर गेलं, मामा. खाली शेतं होती आणि ती फारच खाली होती. पाय दाराबाहेर गेले, पण उजवा हात आतल्या दांडीला होता. कप्तान कानात म्हणाले, "सोडा." मी म्हणालो, "सोडतो." हात काही सुटेना. तेवढ्यात मागून मामींचा आवाज आला. फार मोठा नाही, पण इंजिनाच्या वरताण ऐकू येईल असा. पेशंटला भूल देताना त्या बोलत असतील तसा.

"जावईबापू, दहापासून उलटे मोजा."

मी मोजायला लागलो. दहा. नऊ. आठाला माझा हात सुटला आणि मी बाहेर होतो. (मामी नंतर म्हणाल्या की चौतीस वर्षांत सहाच्या पुढे गेलेला माणूस त्यांनी पाहिला नाही.) मामा, ते पडणं पडण्यासारखं वाटतच नाही. हा माझ्या व्यवसायाचा विषय आहे म्हणून अधिकाराने सांगतो. वारा खालून असा काही दाबतो की इतकी एकसारखी, कुठेही न बसणारी गादी आमच्या कारखान्याला जन्मात जमणार नाही. अर्धा मिनिट ती गादी, मग एक हिसका, आणि मग एकदम शांतता. मान वर केली तर आणखी एक नारिंगी छत्री उघडलेली, आणि तिच्याखाली दोन पाय सावकाश हलत होते. आपल्या सौभाग्यवतींचे. (पोशाख अंगभर होता, मापाला ढगळ, बाह्या दोनदा दुमडलेल्या. त्याबाबत निश्चिंत असावं.)

मी बसक्या अवस्थेत उतरलो आणि गवतावरून बरंच अंतर घसरत गेलो. मामी उभ्या उतरल्या. दोन पावलं चालल्या, पट्टे सोडवून घेतले, मग अचानक खाली बसल्या आणि हसायला लागल्या. मामींना मी हसताना पाहिलं आहे, पण आवाज करून कधीच नाही. त्या पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कप्तान धावत आले, काही लागलं का म्हणून विचारू लागले, तर हातानेच थांबा म्हणाल्या आणि आणखी हसल्या. कुंपणापाशी उभी असलेली आपली कन्या आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. घडीवाला टाळ्या वाजवत होता, शेडमधून सगळे बाहेर आले होते. मीही हसत होतो. का ते मला अजूनही सांगता येत नाही. पण इतका मोठा दिवस आमच्या घरात पूर्वी आला नव्हता, हे नक्की.

कारखान्यात आता मला मान आहे. पूर्वी मागून झोपाळू म्हणायचे. आता तोंडावर वैमानिक म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. तर असा सगळा प्रकार आहे. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त सांगायला धीर होत नव्हता, आणि तो आता आला आहे. गुडघ्याची काळजी घ्यावी.

आपला, आठाला हात सोडणारा,
जावई

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. साठीच्या पुढच्या माणसाला एकट्याने उडी मारायचा अभ्यासक्रम करायचा असेल तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मी करत होतो, पण कप्तान म्हणाले, जावई धरत नाहीत. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे करावी. आठ उड्या आहेत, म्हणजे साधारण दोन महिने. तोवर मामी इकडेच राहतील.

आणखी एक. आपण रागावला असाल तर सगळा राग माझ्यावर काढावा, मी खाली मान घालून ऐकेन. फक्त शनिवारी फोन करू नये. शनिवारी आता मीही वर असतो.

(यापुढचं मामींच्या अक्षरात)

पत्र वाचलं. बरंचसं खरं आहे. हात त्यांनी सोडला नाही, मी एकेक बोट उचलून सोडवला. छत्री उघडल्यापासून जमिनीला लागेपर्यंत ते "मामी, मामी" असं ओरडत होते, ते कुंपणापर्यंत ऐकू आलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव घालायला स्वतःहून गेले, हे त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

वरून फार लांबचं दिसतं. एवढ्या लांबून दिसणार नाही हे ठाऊक असूनही मी आपलं घर शोधत होते. सही करा. करायची नसेल तर फोनवर सांगू नका, इथे येऊन सांगा. शुक्रवारी निघालात तर शनिवारी सकाळी पोचाल. बूट घालून या, तिथे चप्पल चालत नाही.