रंगूबाईंना उंबऱ्याच्या आत घेण्याबाबत

प्रति,
मा. तालुका समन्वयक,
ग्राम अभ्यासिका कक्ष, इंदापूर, जि. पुणे.

अर्जदार : नीळकंठ गोविंद रत्नपारखी, सेवानिवृत्त शिक्षक, वय ६९, रा. बावडा, ता. इंदापूर.

विषय : बावडा अभ्यासिकेत श्रीमती रंगूबाई भिमा गलांडे यांना केलेली प्रवेशबंदी उठवणे व संगणकात एक ओळ कायमची लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. ७ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

आपली नोटीस अभ्यासिकेच्या दारावर चिकटवलेली आहे आणि रंगूबाई ती रोज वाचतात. आत येण्यास बंदी असल्याने त्या व्हरांड्यात बसतात व तेथे वाचण्यासारखे दुसरे काही नाही. "अनोळखी महिलेने संगणकाच्या काळ्या पडद्यावर अनधिकृत आज्ञा टंकून यंत्रणेत हस्तक्षेप केला," असे नोटिशीत नमूद आहे. त्या महिलेची आणि त्या आज्ञेची ओळख करून देणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. अर्जदाराने बारामतीत चौतीस वर्षे मुलांना गणित शिकवले असल्याने अर्ज पायरीपायरीने लिहिला आहे. कृपया मधली पायरी गाळू नये.

१) अर्जदार सांभाळत असलेल्या या अभ्यासिकेत संगणक एकच आहे. त्याच्या पोटात नेटवर्क कार्ड असून त्या कार्डाला वागवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. कार्डातून निघालेली वायर भिंतीवरच्या पेटीत जाते. पेटी आपल्या कक्षाने पाठवलेली आहे. वायर जोडली की कार्ड व पेटी यांनी आपसात बोलून वेग ठरवावा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु आपली पेटी कोणाशीच बोलत नाही. ठेकेदाराने तिचा वेग शंभरावर आणि रस्ता दुहेरी असा पक्का बांधून ठेवला व पासवर्ड सोबत नेला. त्याचा फोन दोन वर्षांपासून व्यस्त लागतो. पेटी गप्प, म्हणून ड्रायव्हर समजतो की रस्ता एकेरीच असणार. तो समोरच्याला आधी जाऊ देतो आणि समोरून, अरुंद पुलावर उसाच्या ट्रॉल्या याव्यात तशी, रांग काही संपत नाही. मग एक पान उघडायला चहा होऊन जातो. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना हे असेच समजावले असता पाचवीतल्या इराने विचारले, "म्हणजे पेटीनं कट्टी घेतलीय का, गुरुजी?" तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर बरोबर आहे.

२) उपाय एका ओळीचा आहे. काळा पडदा उघडून टंकायचे : इथटूल, वजा एस, ईथ शून्य, स्पीड शंभर, डुप्लेक्स फुल, ऑटोनेग ऑफ. अर्थात, बाबा कार्डा, विचारत बसू नकोस, वेग शंभर धर, रस्ता दुहेरी आहे, नीघ. एवढे सांगताच नेट पळू लागते. अडचण इतकीच, की संगणक बंद केला की कार्ड सगळे विसरते. तीच ओळ सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवली तर कायमचा प्रश्न मिटतो, परंतु आपल्या परिपत्रकानुसार मूळ रचनेत कायमचा बदल पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून आम्ही नियमाचा मान राखून दुसरा मार्ग पत्करला : संगणक बंदच करायचा नाही. इन्व्हर्टरच्या जिवावर तो सलग एकशे त्रेचाळीस दिवस चालू होता.

३) रंगूबाई, वय ६१, यांची दहा गुंठे भेंडी व दोडका आहे. अभ्यासिका झाडायचे काम त्या करतात. साक्षरता वर्गात यावे म्हणून अर्जदाराने त्यांच्या घरी तीन वर्षांत अकरा खेपा घातल्या. दर वेळी त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, आता ह्या वयात अक्षरं घिऊन कुठं जाऊ?" पुढे बारामतीचा भेंडीचा भाव पडद्यावर दिसतो हे कळल्यावर त्या झाडू भिंतीला टेकवून मुलांच्या मागे उभ्या राहू लागल्या. इरा व तिच्याच वर्गातला सूरज यांनी त्यांना सदर ओळ एकेक कळ दाखवून पाठ करून दिली. इंग्रजी अक्षरे त्या अशा रीतीने शिकल्या, आणि मग मराठीच का मागे ठेवायची म्हणून पहिलीचे पुस्तक घेतले. नोटीस आली तेव्हा त्या पान एकेचाळीसवर होत्या. ते पुस्तक कपाटात आहे, कपाट आत आहे.

४) आता खरा प्रसंग. खंडेनवमीला मुलांनी संगणकाची पूजा मांडली. झेंडूचा हार, हळदकुंकू, ऊस. तेव्हा रंगूबाईंनी आक्षेप घेतला : "नांगर पुजतो त्या दिशी औत धरतो का आमी? पुजा बी करायची आन् राबवायचं बी, ही कुठली रीत?" अर्जदाराने आक्षेप मान्य केला. संगणकास नवमी व दसरा अशी दोन दिवस रीतसर विश्रांती देण्यात आली, म्हणजेच बटण बंद करण्यात आले.

५) शुक्रवार, दि. ३ ऑक्टोबर रोजी सकाळी नऊला, मुले येण्याआधी, आपले पाहणी अधिकारी श्री. नागेश आले. अर्जदार चाव्या घेऊन हजर होता, पण चष्मा घरी विसरला होता. विश्रांतीनंतर कार्ड सर्व विसरलेले. पान उघडेना. श्री. नागेश "यंत्र निकामी" असा शेरा लिहू लागले. तेवढ्यात रंगूबाई म्हणाल्या, "थांबा सायेब, त्याला सांगावं लागतं," आणि झाडू कडेला ठेवून, एका बोटाने, एकही चूक न करता ओळ टंकली. नेट सुरू झाले. हाच तो हस्तक्षेप. श्री. नागेश यांनी तो दोनदा बोलायला लावून आपल्या वहीत उतरवून घेतला. त्या दिवसापासून आपल्या कार्यालयातील नेट उत्तम चालते, असे कानावर आहे. तेथेही पेटी त्याच ठेकेदाराची असल्याचे समजते. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही, आनंदच आहे.

६) बंदीविरुद्ध अर्जदाराने दि. ९ रोजी कागदी अर्ज इंदापुरास स्वतः आणून दिला. तो "अर्ज केवळ पोर्टलवरच स्वीकारला जाईल" या शेऱ्यासह परत मिळाला. पोर्टल उघडण्यास नेट लागते. नेटला ती ओळ लागते. ओळ टंकण्यास नोटिशीने सर्वांनाच मनाई केली आहे, आणि संगणक रोज संध्याकाळी बंद करण्याचा हुकूमही त्याच नोटिशीत आहे. अर्जदाराने हे गणित फळ्यावर मांडून मुलांना सोडवण्यास दिले. सूरजने हात वर करून सांगितले, "गुरुजी, ह्याला उत्तरच न्हाय." त्यास पूर्ण गुण देण्यात आले.

७) तरीही हा अर्ज आपणांस पोर्टलवर मिळाला आहे. तेव्हा गुन्हा पुन्हा घडला, हे उघड आहे. कबुली अशी : आज सकाळी ओळ अर्जदाराने स्वतः टंकली. पहिल्या दोन खेपांना "डुप्लेक्स" चुकले. तिसऱ्या खेपेस रंगूबाईंनी व्हरांड्यातून एकेक अक्षर सांगितले व वर सुनावले, "गुरुजी, घाई करू नका, आदी बघा मग दाबा," जे वाक्य अर्जदार स्वतः चौतीस वर्षे मुलांना सांगत आला. या वेळी रंगूबाईंचे पाऊल उंबऱ्याच्या बाहेरच होते. चार मुले साक्षीदार आहेत.

सबब विनंती की, शिक्षा द्यायची असल्यास ती अर्जदारास द्यावी, रंगूबाईंना आत येऊ द्यावे, आणि ती ओळ फाइलीत लिहिण्यास परवानगी द्यावी, म्हणजे पुढच्या खंडेनवमीलाही यंत्रास सुखाने विश्रांती घेता येईल.

एक खुलासा आवश्यक वाटतो. संध्याकाळी आम्ही संगणक नोटिशीनुसार बंद करणार आहोत. आपले उत्तर पोर्टलवरच येईल. ते होकाराचे असल्यास रंगूबाई आत येऊन, ओळ टंकून, ते स्वतः वाचतील. नकाराचे असल्यास, तो नकार पाहण्यासाठीही आम्हांस तीच ओळ टंकावी लागेल. उत्तर कोणते आहे हे आधी कळण्याचा मार्ग नसल्याने, ते होकाराचेच आहे असे धरून रंगूबाई उद्या सकाळी नऊला आत येत आहेत.

उत्तर वाचण्यास उत्सुक, आपला नम्र,
(सही)
नीळकंठ गोविंद रत्नपारखी
बावडा, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत. श्रीमती गलांडे यांच्या हस्ताक्षरात, दारावरून पाहून लिहिलेली. चुका दोन.
२. चार साक्षीदारांच्या सह्या. पैकी एक पेन्सिलीने.