भुंग्याचा निळा धूर

२ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

अ. आ. आज आशीर्वाद पूर्ण लिहिण्याइतकी मी प्रसन्न नाही, संक्षेपावर भागव.

भुंगा धुराच्या तपासणीत नापास झाला. मी स्वतः चालवत घेऊन गेले होते. तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, मला मूठ पिळायला सांगितली, आणि पुढच्या क्षणी तो, त्याचं यंत्र आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं दिसेनाशी झाली. धूर विरल्यावर त्याने विचारलं की आजी, ही मोटरसायकल आहे की डास मारायचं यंत्र. मी त्याची आजी नाही एवढं मी त्याला सांगितलं. बाकी त्याचं काही चुकलं नव्हतं. महिनाअखेरीस एकदाच फेरतपासणी मिळेल. तेव्हाही हेच झालं तर नोंदणी रद्द आणि भुंगा मोडीत.

घरी येऊन तुझ्या बाबाला सांगितलं. तो काही बोलला नाही. हल्ली बोलतो कुठे? आजारानंतर उजवी बाजू पुष्कळ सुधारली, पण शब्द अडकतात म्हणून त्याने शब्दच सोडून दिले. डॉक्टरीणबाई म्हणतात की शब्द आहेत, पायांत चालण्याइतकं बळही आहे, फक्त त्याला कारण हवं. तो दिवसभर खुर्चीत बसून भिंत बघतो. मी भुंग्याला किक मारली की तेवढी मान वळते. तो आवाज या घरातून गेला तर ती मानही वळायची नाही. म्हणून मला भुंगा पास करायचा आहे. एरवी त्या गाडीवर माझा जीव आहे असा गैरसमज नको. अर्धी मूठ पिळेपर्यंत आळशासारखी कण्हते आणि मग एकदम पिसाळते. अशा स्वभावाची माणसंसुद्धा मला सोसत नाहीत.

गॅरेजवाल्या बोअरमास्तरांना दाखवली. त्यांना दिवा न लागणारी गाडी दाखवली तरी ते सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाका म्हणतात. याही वेळी तेच म्हणाले. तेवढ्यात महिना संपेल. तेव्हा आधी तू सांग, मागच्या खेपेला भुंगा फिरायला नेलास तेव्हा काय प्रताप केलेस?

फोन करू नकोस. आपल्या घरात फोनवरचं सगळं खुर्चीपर्यंत ऐकू जातं.

लोभ आहेच, खुलासा असावा.

तुझी आत्या

६ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. साष्टांग खरोखरच घातला आहे, कारण आज सकाळी नदीच्या उतारावर पाय घसरून मी चिखलात आडवी झाले.

नदी फुगली आहे. पाणी ओसरेपर्यंत आम्हा मोजणाऱ्यांना रजा नाही, म्हणून या महिन्यात मला घरी येता येणार नाही. दिवसभर पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी वाचायची. एकाने पाण्याची उंची मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने ती तशीच परत म्हणायची आणि मगच लिहायची. मनातल्या मनात वाचलेला आकडा आमचे साहेब धरत नाहीत. माझा घसा बसला आहे आणि तू मला प्रताप विचारतेस.

मी काहीही केलेलं नाही. नीट चालवली, धुतली, साखळीला वंगण दिलं, झाकून ठेवली. धूर जास्त म्हणजे तेल जास्त, हे मात्र नक्की. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर थोडं तेल जाळणारच. पण आपल्या भुंग्याला तेलाची वेगळी टाकी आहे आणि पंप त्यातून लागेल तेवढंच तेल सोडतो. लोक पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळत उभे राहायचे तेव्हा बाबा किती ऐटीत सांगायचे, आठवतंय ना? आमचा भुंगा स्वतःचं स्वतः मोजून घेतो म्हणून.

तू जन्मभर रंगाच्या कारखान्यात डबे तपासलेस. तुझ्या नजरेतून एक छटा सुटत नसे, असं बाबाच सांगतात. तेव्हा धुराचा रंग बघ. प्लग काढून बघ. सायलेन्सरच्या आतली नळी खरवडून काढ. आणि बाबांना स्टुलावर बसवून तुझ्याबरोबर बाहेर घे.

बाबांना नमस्कार. तुझा राग निवळला असेल तर उरलेला लोभ माझ्याकडे पाठव.

तुझी ठिणगी

११ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी पूर्ण लिहिले आहेत, त्याचं कारण पुढे कळेल.

धूर निळसर. प्लग काळा आणि ओला. सायलेन्सरमधून इतकी काजळी निघाली की तिचा एखादा डबा रंग करता आला असता. तुझा बाबा स्टुलावर येऊन बसला. मी नळी उलटी धरली तेव्हा त्याने डाव्या हाताचं बोट असं काही नाचवलं की शब्दांची गरज पडली नाही. मूर्ख असा त्याचा अर्थ होता. मला बरं वाटलं.

मग कारखान्यातली जुनी युक्ती केली. टाकीतल्या पेट्रोलचा थेंब टिपकागदावर टाकला. नुसतं पेट्रोल उडून जातं, तेल असेल तर डाग राहतो. डाग राहिला. आता नीट वाच. डाग राहणार हे मला ठाऊक होतं, कारण पेट्रोल भरलं की एक झाकण तेल मी स्वतः टाकीत घालते. तुझ्या बाबाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात त्याने अडखळत मला सांगितलं होतं की पंपाचा भरवसा नाही, वरून एक झाकण घालत जा, पण ठिणगीला कळू देऊ नकोस. त्याने विश्वासाने एकटीला सांगितलेली गोष्ट म्हणून मी गप्प राहिले.

पण एका झाकणाचा डाग मी वेगळा करून पाहिला. तो बटणाएवढा होतो. टाकीतल्याचा झाला बांगडीएवढा. माझ्याशिवाय त्या टाकीत कोण हात घालतं?

खरं लिहावं. खोटं लिहिलंस तर तुझ्या अक्षरावरून कळेल.

आत्या

१५ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आज अक्षर वाकडं आहे ते हसण्यामुळे, खोटेपणामुळे नाही.

मीसुद्धा घालते. दोन झाकणं. बाबांनी मला मैदानावर भुंगा शिकवला तेव्हाच कानात सांगितलं होतं की टाकीत थोडं तेल आपल्या हाताने घालावं, पण आत्याला बोलू नकोस, ती मला वेड्यात काढील. लांब जायचं तर जास्त, म्हणून मी दोन घालायला लागले. इतकी वर्षं मला वाटायचं की बाबांचं हे गुपित जगात मला एकटीला माहीत आहे. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग थोडा रागही आला, खरं सांगते.

पण आत्या, मी येऊन गेल्याला बरेच दिवस झाले. नंतर तू पेट्रोल भरलंस. म्हणजे बांगडीतली माझी दोन झाकणं कधीच जळून गेली. एकट्या तुझ्या झाकणाने बटणाची बांगडी होत नाही. माझ्या मनात आहे ते नाव मी लिहीत नाही. तू टाकी रिकामी करून कोरं पेट्रोल भर, काही घालू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी थेंब टाकून बघ.

लोभ दोघींत वाटून घेऊ, तसा तो वाटलेलाच होता.

ठिणगी

१८ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

अ. आ.

कोरं पेट्रोल भरलं. दुसऱ्या दिवशी डाग. पुन्हा टाकी रिकामी केली, पुन्हा भरली, आणि सकाळी बाजाराला जाते असं सांगून मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन खिडकीशी उभी राहिले.

तो खुर्चीतून उठला. काठी घेतली नाही. एका हाताने भिंत धरत दारापुढचा ओटा ओलांडला, दोन पायऱ्या उतरला आणि भुंग्याच्या शेडपर्यंत गेला. डाव्या हाताने तेलाचा डबा काढला, गुडघ्यांत धरून उघडला, एक झाकण भरलं, टाकीत ओतलं. मग आणखी एक. एक थेंब सांडला तो बाहीने पुसला. टाकीचं झाकण लावून वर हाताने थोपटलं. तसाच परत आला, खुर्चीत बसला आणि भिंत बघू लागला. मी पुढच्या दाराने पिशवी आपटत आत आले तेव्हा चेहरा असा, जणू जन्मात जागचा हललेला नाही.

आता माझी पंचाईत ऐक. हा माणूस माझ्यासाठी चालत नाही, डॉक्टरीणबाईंसाठी चालत नाही, पण त्या दोन झाकणांसाठी काठीशिवाय पायऱ्या उतरतो. त्याला थांबवलं तर तो खुर्चीतच राहील. न थांबवलं तर भुंगा मोडीत जाईल, आणि मग तो तरीही खुर्चीतच राहील. मी भल्याभल्यांचे डबे परत पाठवले आहेत, पण आज मला तेलाचा डबा उचलून ठेवण्याचा धीर झाला नाही.

तुला काही सुचत असेल तर लगेच लिही. थट्टा नको.

आत्या

२१ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी पुलावरच वाचलं आणि पट्टीवरचा आकडा दोनदा चुकीचा सांगितला.

बाबांना आपल्याला कळलंय असं दाखवायचं नाही. त्यांचं काम काढून घ्यायचं नाही, बदलून द्यायचं. त्यांचा पंपावर विश्वास नाही ना? मग पंपावर नजर ठेवायचं काम त्यांनाच दे. दोन गोष्टी कर.

एक म्हणजे पंपाची इंजिनाकडे जाणारी बारीक नळी सोडव, गाडी चालू कर आणि थेंब पडतात का ते बाबांना बघू दे. तेवढ्यापुरतं इंजिनाला तेल मिळायला हवं, म्हणून पेट्रोलच्या टाकीत आधी हाताने तेल घालावं लागेल. ते बाबांनाच घालायला सांग, तुझ्यासमोर.

दुसरं, या पाकिटात एक पट्टी आहे. आमच्या खांबावर असते तशीच, काळ्या-पांढऱ्या रेघांची, पण बोटभर. मी रात्री बसून रंगवली. तेलाची टाकी दुधी प्लास्टिकची आहे, तिच्यावर ती चिकटव. तू रोज भुंगा फिरवून आण. बाबांनी शेडमध्ये जाऊन तेलाची पातळी कितव्या रेघेवर आहे ते वाचायचं. ती उतरली तर पंप चालू आहे. आणि आमच्या खात्याचा नियम त्यांना सांग: आकडा मोठ्याने सांगितल्याशिवाय लिहिणारा लिहीत नाही. नियम माझा नाही, साहेबांचा आहे. आपल्या बाबांना साहेबांशी भांडता येत नाही, तुझ्याशी येतं.

तू चिडू नकोस, धीराने घे. बघ, मी तुला धीर शिकवते आहे.

लोभ आणि पट्टी दोन्ही चिकटून राहोत.

ठिणगी

२९ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद, आणि ते कमी पडले तर आणखी मागून घे.

क्रमाने सांगते. बाबाने माझ्यासमोर टाकीत तेल घातलं. चोरी उघड्यावर करावी लागली म्हणून माझ्याकडे पाठ करून घातलं. मी दुसरीकडे बघत होते. गाडी चालू केली. नळीतून थेंब आला, मग दुसरा. मूठ पिळली की लवकर लवकर, सोडली की सावकाश. तो खाली वाकून बघत राहिला. मी गाडी बंद केली तर त्याने पुन्हा चालू करायला लावली. तिसऱ्यांदा मीच कंटाळले.

पट्टी लावली. पहिल्या दिवशी आकडा विचारला तर त्याने बोटं दाखवली. मी पेन खाली ठेवलं आणि साहेबांचा नियम सांगितला. तो माझ्याकडे असा बघत राहिला की लहानपणी मी त्याची विटी लपवली होती तेव्हाच तसं बघितलं असेल. मी उभीच. बऱ्याच वेळाने "सात" आला. मी "सात" म्हटलं. आता सकाळ-संध्याकाळ आपणहून शेडमध्ये जातो आणि तिथूनच ओरडतो. अर्धी रेघ, पाव रेघ असे बारकावेही काढतो. टिपकागदावर डाग पडायचा थांबला आहे, मी रोज बघते.

आत साठलेलं जुनं तेल जाळायला मी भुंगा मोठ्या रस्त्यावर खणखणीत पळवला. किती वेगाने ते तुला कळायची गरज नाही.

काल फेरतपासणी होती. मी निघाले तर हा हेल्मेट घालून गाडीशेजारी उभा. मी नाही म्हटलं. तो हलेना. शेवटी रुंद पट्ट्याने त्याला माझ्या कमरेशी बांधलं आणि मुंगीच्या चालीने निघालो. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे. चढ लागला, भुंगा कण्हू लागला, आणि माझ्या कानामागून आवाज आला, "ताई, गिअर उतरव. किती छळशील त्याला?" सबंध दोन वाक्यं, एकही शब्द न अडकता. मी गिअर उतरवला. पुढचा रस्ता मला नीट दिसत नव्हता, वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी येतं.

तपासनिसाने नळी खुपसून यंत्र बघितलं, मग गाडीचा क्रमांक बघितला, मग यंत्र पुन्हा बघितलं. तीच गाडी का, असं विचारलं. पास झाला, ठिणगे. शिक्का बसला.

घरी आल्यावर तुझ्या बाबाने मला स्वयंपाकघरात बोलावून, दार लोटून, एक गोष्ट सांगितली. ती मी तुला लिहू शकत नाही. मी शब्द दिला आहे.

लोभ वाढवून ठेवला आहे, पूर ओसरला की घ्यायला ये.

तुझी आत्या

३० सप्टेंबर

चि. ठिणगी,

अ. आ. डाव्या हाताने लिहितोय. हसायचं नाही.

लग्नाच्या आधी तुझ्या आईला मागे बसवून एकदा चढ चढत होतो. पंपाच्या नळीत हवा अडकली. तेल पोचलं नाही. पिस्टन आत चिकटून बसला, चाक जाम झालं, दोघं खड्ड्यात. तिला नुसतं खरचटलं. पण तेव्हापासून माझा पंपावरचा विश्वास उडाला. सगळ्यांपुढे त्याच पंपाची फुशारकी मारत होतो, म्हणून बोललो नाही. पुढे तू चालवायला लागलीस.

आता पंप मी डोळ्यांनी बघितलाय. रोज वाचतो. आज साडेचार. तो ठीक आहे. तेव्हा टाकीत वरून तेल घालणं बंद कर.

हे फक्त तुला एकटीला सांगतोय. आत्याला कळू देऊ नकोस.

ये लवकर. गाडी तयार आहे.

बाबा